घरगुती सौर विद्युत संच व पर्यायी वीजव्यवस्था

घरगुती सौर विद्युत संच म्हणजे घराच्या गच्चीवर किंवा छपरावर बसवलेली, सूर्यप्रकाशाचे थेट विजेत रूपांतर करणारी यंत्रणा होय. पॅनेल, इन्व्हर्टर, लोखंडी सांगाडा, संरक्षक उपकरणे आणि मीटर हे तिचे मुख्य घटक असून काही संचांत बॅटरीही असते. वीजबिल कमी करणे आणि वीज गेल्यावर घर चालू ठेवणे या दोन वेगळ्या गरजा आहेत. शहरी घरांत सर्रास बसवला जाणारा बॅटरीविरहित संच त्यांपैकी पहिलीच गरज भागवतो. हा फरक खरेदीनंतर, पहिल्यांदा वीज गेल्यावर लक्षात येतो, असा अनेकांचा अनुभव आहे.

वीज गेल्यावर संच बंद का पडतो

जालसंलग्न संच वीजकंपनीच्या वाहिनीला जोडलेला असतो. दिवसा घरात वापरून उरलेली वीज वाहिनीत जाते आणि रात्री वाहिनीतून वीज घेतली जाते. अशा संचाचा इन्व्हर्टर आपला विद्युत दाब व वारंवारता वाहिनीशी जुळवून घेतो. वाहिनीतील पुरवठा थांबताच तो स्वतःही बंद होतो, मग भर दुपारचे ऊन का असेना. हा दोष नसून सुरक्षेची अट आहे. दुरुस्तीसाठी खांबावर चढलेला वायरमन वाहिनी मृत आहे असे समजून काम करत असतो. त्या वेळी एखाद्या घरातून वीज परत वाहिनीत आली, तर त्याच्या जिवावर बेतू शकते. इन्व्हर्टरच्या या गुणाची चाचणी आयएस १६१६९ या भारतीय मानकानुसार घेतली जाते.

वीज गेल्यावरही सौरऊर्जा वापरायची असेल तर संकरित म्हणजे हायब्रिड इन्व्हर्टर व बॅटरी लागते. असा इन्व्हर्टर पुरवठा खंडित होताच घराला वाहिनीपासून तोडतो आणि निवडक उपकरणे बॅटरीवर चालवतो. वाहिनीशी संबंधच नसलेला स्वतंत्र संच हा तिसरा प्रकार असून तो वीज न पोहोचलेल्या वस्त्या व शेतघरे यांसाठी उपयुक्त ठरतो. ज्या घरात साधा इन्व्हर्टर व बॅटरी आधीपासून आहे, तेथे ती व्यवस्था दिवे-पंख्यांसाठी तशीच ठेवून बिलासाठी वेगळा जालसंलग्न संच बसवणे हा सर्वांत कमी खर्चाचा मार्ग असतो.

क्षमता आणि पॅनेल

महाराष्ट्रात १ किलोवॉटचा संच वर्षाच्या सरासरीने दिवसाला सुमारे ४ युनिट वीज देतो आणि त्यास साधारण १०० चौरस फूट सावलीरहित जागा लागते. महिन्याला २४० युनिट वापरणाऱ्या कुटुंबाला त्यामुळे सुमारे २ किलोवॉट क्षमता पुरते. क्षमता ठरवण्यासाठी एका महिन्याचे नव्हे, तर वर्षभराचे बिल पाहावे लागते, कारण उन्हाळ्यातील वापर फसवा असतो.

एकस्फटिकी पॅनेलची कार्यक्षमता साधारण २० ते २२ टक्के असते. जुनी बहुस्फटिकी पॅनेल १५ ते १७ टक्क्यांपर्यंतच जात असल्याने मागे पडली आहेत. पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून, स्थानिक अक्षांशाच्या जवळपासच्या कोनात बसवतात. मुंबईसाठी हा कोन सुमारे १९ अंश, तर नागपूरसाठी २१ अंश येतो. पाण्याच्या टाकीची किंवा नारळाच्या झावळीची सावली एका पॅनेलवर पडली तरी त्याच मालिकेतील इतरांचे उत्पादन घटू शकते.

कडक ऊन म्हणजे अधिक वीज ही समजूत मात्र अर्धीच खरी आहे. पॅनेलवर छापलेली क्षमता २५ अंश सेल्सिअस तापमानाला मोजलेली असते. त्यापुढे प्रत्येक अंशाला उत्पादन सुमारे ०.३५ टक्क्याने घटते. विदर्भातील मे महिन्यात पॅनेल ६५ अंशांपर्यंत तापले, तर ५४० वॉटचे पॅनेल भर दुपारी साधारण ४६५ वॉटच देईल. म्हणून पॅनेल छपराला चिकटवून न बसवता खालून वारा खेळेल इतके अंतर सोडतात.

बॅटरीचा हिशोब

बॅटरीची निवड वीज किती तास जाते आणि त्या वेळी काय चालवायचे आहे, यावरून करतात. तीन बीएलडीसी पंखे (९० वॉट), पाच एलईडी दिवे (४५ वॉट), वायफाय राउटर (१० वॉट) आणि लहान दूरचित्रवाणी संच (५५ वॉट) मिळून २०० वॉट होतात. पाच तासांसाठी १ युनिट लागते. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासाच्या ट्यूब्युलर बॅटरीत नाममात्र १.८ युनिट साठते. तथापि शिसे-आम्ल बॅटरी निम्म्याहून अधिक रिकामी करत राहिल्यास तिचे आयुष्य झपाट्याने घटते, आणि इन्व्हर्टरमध्येही काही वीज वाया जाते. म्हणून प्रत्यक्षात पाऊण युनिटच धरावे लागते आणि वरील भारासाठी अशा दोन बॅटऱ्या लागतात. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी ८० ते ९० टक्के रिकामी करता येते, तिला पाणी घालावे लागत नाही आणि ती हजारो वेळा भारित होऊ शकते; तिची सुरुवातीची किंमत मात्र जास्त असते. पाण्याचा पंप सुरू होताना नेहमीच्या कित्येक पट प्रवाह खेचतो, त्यामुळे तो बॅटरीच्या जोडणीतून वगळणे इष्ट असते.

कोकणात आणखी एक पेच आहे. पावसाळ्यात वीज सर्वाधिक वेळा जाते आणि ढगांमुळे सौर उत्पादनही तेव्हाच सर्वांत कमी असते. ३ जून २०२० रोजी रायगड किनाऱ्यावर धडकलेल्या निसर्ग चक्रीवादळानंतर रायगड व रत्नागिरी जिल्ह्यांतील अनेक गावे कित्येक दिवस अंधारात होती. अशा भागात बॅटरी वाहिनीवरूनही भारित होईल अशी सोय, गंजरोधक जस्तलेपित सांगाडा आणि वाऱ्याला तोंड देणारी पक्की नांगरणी यांना पॅनेलच्या छापापेक्षा अधिक महत्त्व असते.

अनुदान व मीटर

फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर झालेल्या पंतप्रधान सूर्यघर मोफत वीज योजनेनुसार १ किलोवॉटला ३०,००० रुपये, २ किलोवॉटला ६०,००० रुपये आणि ३ किलोवॉट वा त्याहून अधिक क्षमतेला ७८,००० रुपये केंद्रीय अनुदान ठरवण्यात आले. त्यासाठी देशात बनलेले सौरघट व पॅनेल वापरणे बंधनकारक असते. अनुदान सौर क्षमतेवर मोजले जाते. बॅटरीचा खर्च त्यात धरला जात नाही. सदनिकाधारकांच्या बाबतीत गच्ची सहसा गृहनिर्माण संस्थेच्या ताब्यात असल्याने संस्थेने लिफ्ट, पंप व जिन्यातील दिव्यांसाठी सामाईक संच बसवणे सोयीचे पडते. त्यासाठी प्रति किलोवॉट १८,००० रुपयांची तरतूद आहे.

महाराष्ट्रात नेट मीटरिंगचे नियम राज्य वीज नियामक आयोगाने २०१९ मध्ये नव्याने केले. वाहिनीत दिलेली व घेतलेली वीज यांची वजावट होते, आणि शिल्लक युनिट पुढील महिन्याच्या बिलात ओढली जातात. ही वजावट युनिटपुरती असते; स्थिर आकार वीज शून्य वापरली तरी भरावा लागतो.