पंतोजींची छडी आणि पोरांच्या खोड्या

जुन्या गावठी शाळेत पंतोजींचा दरारा मोठा असे. धुळपाटीवर अक्षर चुकले की छडी, पावकी-निमकी म्हणताना अडखळले की अंगठे धरणे आणि फारच खोडकर पोरास घोडी, म्हणजे दोरीला हातांनी लोंबकळत राहणे! मुलेही उसने ठेवीत नसत. कोणी छडी दडवी, कोणी पंतोजींच्या बैठकीवर खाजकुयली पसरी.

1856 साली जन्मलेल्या बाळ टिळकांची हकीकत त्यांच्या चरित्रांत येते. शुद्धलेखनात त्यांनी ‘संत’ हा शब्द तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी लिहिला. मास्तरांनी एकच रूप बरोबर धरले. टिळक मात्र तिन्ही शुद्ध म्हणून हट्टास पेटले. ही खोडी म्हणावी की व्याकरण? माझ्यातला मास्तर अजून मास्तरांकडेच झुकतो.

आमच्या बिलोलीकडे खोड्यांना भाषेचे हत्यार मिळाले. सप्टेंबर 1948 पर्यंतच्या निजामी अमलात वरच्या वर्गांत उर्दू आणि घरी मराठी किंवा तेलुगू. 1956 मध्ये भाषावार सीमा आखली गेली. मुधोळ तालुका तेलुगू मुलखात गेला, बिलोली इकडे राहिली. पण पोरांच्या जिभेला सीमा कोण घालणार? मराठी मास्तरांस नावे ठेवायची ती तेलुगूत, तीही अगदी समोर, आणि चेहरा गोगलगाईचा.

मी सीमेलगतच्या शाळेत असताना वर्षभर ही आहेर-पूजा निमूट ऐकली. संध्याकाळी शेजारच्या म्हाताऱ्याकडून तेलुगू शिकत होतो, हे कोणास ठाऊक नव्हते. एके सकाळी हजेरी तेलुगूत घेतली. वर्गात टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती.