तबकडी आणि ऐकणारे

गाण्याच्या इतिहासात गवयांची नावे येतात, ऐकणाऱ्यांची येत नाहीत. आमची शाळा लवकर सुटली आणि पुढचे सारे आयुष्य मुंबईच्या गिरणी कामगारांत गेले. तेव्हा आम्ही बोलणार ते ऐकणाऱ्यांच्या बाजूने, हे उघड आहे.

1902 साली फ्रेड गैसबर्ग हा ध्वनिमुद्रक कलकत्त्यास आला. त्याच्या भोंग्यापुढे गौहरजान गायली आणि गाणे संपताच तिने इंग्रजीत स्वतःचे नाव उच्चारले. पुष्कळांस तो नखरा वाटतो. वस्तुतः तबकड्या छापल्या जात जर्मनीत, हॅनोव्हर येथे. गाणे कोणाचे हे तेथल्या लोकांस कळावे म्हणून ते नाव होते. तबकडीत लाख लागे, आणि जगातली बहुतेक लाख जाई हिंदुस्थानातून. छोटा नागपूरच्या जंगलात पळस-कुसुमाच्या फांद्यांवरून ती खरवडणाऱ्याच्या घरी फोनो वाजला असेल, असे आम्हांस वाटत नाही. 1908 मध्ये सियालदहला कारखाना निघाला आणि तबकड्या येथेच होऊ लागल्या. तरी कामगाराने फोनो घ्यावा असे दिवस नव्हते. ज्याच्याकडे तो असे त्याच्या दारात आळी जमे. सारे गाणे तीन-साडेतीन मिनिटांचे, पण एका तबकडीला कान मात्र पन्नास!

पुढे 1948 साली एल.पी. आली, मग कॅसेट आली. ते असो.

1982 च्या जानेवारीत, 18 तारखेस, मुंबईतील सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. त्याच सालच्या ऑगस्टात हॅनोव्हरला लागून असलेल्या लांगेनहागेन येथे विक्रीच्या पहिल्या सीडी तयार झाल्या. ऐंशी वर्षांनी पुन्हा तोच मुलूख. बारा सेंटिमीटरची चकती आणि तीवर 74 मिनिटांचे गाणे! आमच्या वस्तीत ती यावयास आणखी पंधरा वर्षे लागली. मधल्या काळात वडिलांची गिरणी गेली ती गेलीच.

संघटनेच्या कचेरीत वर्गणी काढून एक प्लेअर घेतला. रिवाज असा पडला की रविवारी सकाळी दोघातिघांनी आपापली सीडी आणावयाची, आठवडाभर काय ऐकले व त्यात काय सापडले ते आधी सांगावयाचे, मग लावावयाची. कुणी रफी आणी, कुणी भजने. मिरजेच्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या जुन्या तबकड्या सीडीवर आल्या होत्या, त्या आम्ही आणल्या.

आमच्यात एक वृद्ध साचेवाले होते. साचेखात्यात त्यांनी तीस वर्षे काढलेली. साच्यांच्या खडखडाटाने कानांतले बारीक, वरचे आवाज आधी जातात. भरड, खालचे उरतात. (त्याच्या भरपाईसाठी आम्ही किती खेटे घातले, ते आज सांगत नाही.) काकांना खाँसाहेबांचा सूर ऐकू येई, पण बोलांतले स, त, क निसटून जात. मग शेजारचा त्यांच्या कानाशी बोल सांगे. जुन्या तबकडीची खरखर आम्हांला टोचे. काकांना ती ऐकूच येत नसे. आम्ही सीडीच्या सफाईचे गुण गाऊ लागलो की ते म्हणत, "मला दोन्ही सारखीच." उलट आम्ही बोलांत गुंतलो की तेच हात वर करीत आणि मींड कोठून निघून कोठे टेकली, ते बोटाने हवेत काढून दाखवीत. ती आमच्या कानांतून सुटलेली असे. एरवी आम्ही मींड म्हणजे काय हे पुस्तकात वाचले होते, इतकेच.

एका रविवारी कुणीतरी गौहरजानची सीडी आणली. गाणे संपले आणि ते इंग्रजी वाक्य आले.

"शेवटी काय म्हणाली ती?" काकांनी विचारले.

"आपले नाव सांगितले, काका."

"बरे केले," ते म्हणाले, "नाहीतर हजेरी लागली नसती." आणि ती पुन्हा लावावयास सांगितली.