लसइजा भरपाई
लशीमुळे इजा वा मृत्यू झाल्यास मागितलेली नुकसानभरपाई. दोष कोणाचा हे सिद्ध न करता ती देणारा कायदा अमेरिकेने १९८६ मध्ये केला. भारतात कोविड लसीकरण सुरू झाले तेव्हा तसा कायदा नव्हता.

दापोली तालुक्यातल्या बुरोंडीत लशीनंतर बाळाला झटके आले, तर नोंद आरोग्य केंद्रामार्फत रत्नागिरीच्या जिल्हा समितीकडे जाते. समिती कारण शोधते, पैसे देत नाही. ग्राहक आयोगाची वाटही बहुधा खुंटलेलीच: सर्वांना मोफत मिळणारी सरकारी आरोग्यसेवा ग्राहक कायद्यात बसत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये ठरवले. मग उरते उच्च न्यायालय.

कोविशील्ड ही कोविड लस घेतल्यानंतर डॉक्टर मुलगी दगावलेल्या औरंगाबादच्या पित्याने मुंबई उच्च न्यायालयात १,००० कोटी रुपये मागितले. २०२२ मध्ये लस बनवणाऱ्या सीरम इन्स्टिट्यूटसह प्रतिवादींना नोटिसा निघाल्या. चर्चा आकड्याचीच झाली. जिल्हा समितीसारखेच कारण शोधणाऱ्या केंद्रीय समितीने मृत्यूचा लशीशी संबंध मान्य केल्याचा याचिकेतला मुद्दा मात्र अधिक वजनाचा होता.