रिकाम्या पुंगळीचे दुसरे आयुष्य

गोळीबाराच्या बातमीत एक वाक्य हमखास असते : घटनास्थळावरून पोलिसांनी रिकाम्या पुंगळ्या जप्त केल्या. आपल्या दृष्टीने पुंगळी म्हणजे पुरावा. अमेरिकेतील हौशी नेमबाजाच्या दृष्टीने मात्र तीच पुंगळी कच्चा माल असते. सराव संपला की तो वाकून जमिनीवरच्या पुंगळ्या वेचतो, घरी नेऊन स्वच्छ करतो आणि गॅरेजमधल्या टेबलावर घट्ट बसवलेल्या यंत्रातून त्यांची पुन्हा काडतुसे करतो. या यंत्राला ‘प्रोग्रेसिव्ह प्रेस’ म्हणतात. आजचा धागा या यंत्राच्या पूर्वजांविषयी आहे. थोडा लांबला आहे, सांभाळून घ्यावे.

आधी काडतुसाची रचना पाहू. त्याचे घटक चार : पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी बसणारी ठिणगीची टोपी म्हणजे प्राइमर, आतली दारू आणि तोंडाशी बसवलेली गोळी. बार उडाला की तीन घटक संपतात. उरते ती पुंगळी, किंचित फुगलेली, पण शाबूत. चौघांत सर्वांत महाग तीच.

काडतूस म्हटले की आपल्याला १८५७ आठवते. एनफिल्डचे ते काडतूस कागदाचे होते. शिपायाने ते दातांनी फाडायचे, दारू नळीत ओतायची, मग गोळी ठासायची. चरबीची वदंता पसरल्यावर सरकारने शिपायांना आपापल्या पसंतीचे वंगण स्वतः लावण्याची मुभा देऊ केली, पण तोवर विश्वास उडालेला होता. काडतूस कोणी बनवले आणि कशापासून, हा प्रश्न तेव्हा किती स्फोटक ठरला हे सांगायला नको. त्या कागदी काडतुसाचे बार उडाल्यावर काहीच उरत नसे. पुन्हा भरण्याचा प्रश्नच नव्हता.

अवघ्या नऊ वर्षांत, १८६६ साली, दोन माणसांनी दोन निरनिराळी पेटंटे घेतली. एक होता वूलविच येथील रॉयल लॅबोरेटरीचा प्रमुख, ब्रिटिश लष्करी अधिकारी एडवर्ड बॉक्सर. दुसरा अमेरिकेचा हायरम बर्डन, यादवी युद्धात नेमबाजांच्या तुकड्यांचे नेतृत्व केलेला. दोघांपुढचा प्रश्न एकच होता. घोड्याचा आघात झाल्यावर प्राइमरमधला स्फोटक लेप कशावर तरी चेपला जायला हवा, तरच तो पेटतो. ती ऐरण ठेवायची कुठे?

बॉक्सरने ती प्राइमरच्या आतच ठेवली. त्यामुळे पुंगळीच्या बुडाला मधोमध एकच छिद्र पुरे झाले. बर्डनने ऐरण पुंगळीच्याच बुडात घडवली. साहजिकच मधली जागा अडली आणि ठिणगीसाठी बाजूला बारीक छिद्रे ठेवावी लागली, बहुधा दोन. कारखान्याच्या दृष्टीने दोन्ही रीती उत्तम. फरक पडतो तो बार उडाल्यानंतर. बॉक्सरच्या पुंगळीत तोंडाकडून साधी सळई घातली की ती मधल्या छिद्रातून जाऊन जळका प्राइमर बाहेर ढकलते. बर्डनच्या पुंगळीत तीच सळई ऐरणीवर आपटते. प्राइमर काढता येतच नाही असे नाही, पण खटाटोप इतका की सामान्य माणूस पुंगळी फेकून देणे पसंत करतो.

यातला दैवदुर्विलास असा की ब्रिटिश बॉक्सरची रीत पुढे अमेरिकेत रुजली आणि अमेरिकन बर्डनची रीत युरोपात व रशियात. खुद्द ब्रिटिशांच्या .३०३ रायफलीची लष्करी काडतुसेही बहुतांशी बर्डन पद्धतीचीच होती. एका खंडात पुंगळी भंगारात गेली, दुसऱ्यात टेबलावर आली. या फरकाचे श्रेय मी काही अंशी त्या एका छिद्राला देते.

सगळे श्रेय मात्र छिद्राला देता येत नाही. आपल्याकडचा घटनाक्रम शेजारी ठेवून पाहावा. १८६९ साली पुण्याजवळ खडकी येथे सरकारी दारूगोळा कारखाना उभा राहिला. १८७८ साली लिटनच्या कारकिर्दीत शस्त्रास्त्र कायदा आला. हिंदी माणसाला शस्त्रासाठी परवाना बंधनकारक झाला, युरोपियनांना सूट मिळाली. पुढे काँग्रेसच्या ठरावांत या कायद्याविषयीची तक्रार वारंवार येत राहिली. काडतूस ही सरकारने बनवायची आणि सरकारने मोजून द्यायची वस्तू, ही घडी तेव्हा बसली. स्वातंत्र्यानंतरच्या १९५९ च्या कायद्यातही परवान्यावाचून काडतुसे बनवणे हा गंभीर गुन्हा आहे.

त्याच काळात अमेरिकेच्या पश्चिम प्रांतांत गव्यांचे शिकारी रात्री शेकोटीपाशी बसून दिवसाच्या पुंगळ्या भरत होते. त्यांना हौस नव्हती. दुकान शेकडो मैलांवर होते, आणि तयार काडतुसांपेक्षा शिसे व दारू घाऊक नेणे स्वस्त पडे. (या शिकाऱ्यांनी गव्यांचा जवळजवळ निर्वंश केला, हेही त्याच शेकोटीच्या उजेडात पाहावे.) विंचेस्टरसारखे बंदुकांचे कारखानदार पुनर्भरणाची हत्यारे स्वतःच विकत. १८८४ साली जॉन बार्लो याने कनेटिकटमधील न्यू हेवन येथे ‘आयडियल’ नावाची कंपनी काढली. तिचे हत्यार अडकित्त्यासारखे दिसे : दोन दांडे, मध्ये बिजागरी. त्याच एका हत्याराने प्राइमर काढायचा, नवा बसवायचा, गोळी दाबायची, काही प्रकारांत शिशाची गोळी ओतायचीसुद्धा. ही कंपनी पुढे लायमनकडे गेली आणि अडकित्ता विसाव्या शतकातही विकला जात राहिला.

येथवर हे काम संथ होते आणि बऱ्याच अंशी निर्धोक होते. त्याचे कारण काळी दारू. ती पुंगळीत जवळजवळ काठोकाठ भरावी लागे. चुकून दुप्पट घालू म्हटले तरी मावायची नाही. १८८४ सालीच फ्रान्समध्ये पॉल व्हिएय याने धूरविरहित दारू सिद्ध केली आणि ही आपोआप मिळणारी सुरक्षितता संपली. नवी दारू कितीतरी अधिक शक्तिमान होती. पिस्तुलाच्या पुंगळीत ती काही ग्रेनच लागते. ग्रेन म्हणजे सुमारे ०.०६५ ग्रॅम, आपल्या सोनारांच्या गुंजेच्या साधारण निम्मा. पुंगळी बरीचशी रिकामी राहते, आणि दुसरे माप त्यात बिनबोभाट मावते. असे दुहेरी भरलेले काडतूस पिस्तूल फोडू शकते. उलट दारू घालायचीच राहिली, तर नुसत्या प्राइमरच्या जोराने गोळी नळीत अर्ध्यावर अडकते आणि पाठोपाठ झाडलेली दुसरी गोळी नळी फुगवते किंवा फाडते.

हाताने एकेक पुंगळी भरणारा माणूस हा धोका डोळ्यांनी टाळत असे. पन्नास पुंगळ्या लाकडी ठोकळ्यात उभ्या करायच्या, सर्वांत दारू घालायची, मग दिवा जवळ धरून प्रत्येकीत डोकावायचे. वेग कमी, तासाला शंभराच्या आसपास. पोलीस दलांना आणि स्पर्धकांना एवढ्याने भागेना. सॅन डिएगो येथील स्टार मशीन वर्क्सचे प्रोग्रेसिव्ह यंत्र या गरजेतून लोकप्रिय झाले आणि अनेक पोलीस दलांनी ते घेतले. पुढे मोठी मागणी आली ती पिस्तूल स्पर्धांमुळे. १९७६ साली मिसुरीतील कोलंबिया येथे या स्पर्धांची आंतरराष्ट्रीय संघटना, आयपीएससी, स्थापन झाली. अशा स्पर्धेची तयारी करणाऱ्याला वर्षाकाठी हजारो काडतुसे लागतात. माईक डिलन हा वैमानिक आधी स्टारच्या यंत्रांसाठी जोडभाग बनवत असे. नंतर त्याने ॲरिझोनात स्वतःची यंत्रे काढली आणि प्रोग्रेसिव्ह प्रेस सामान्य नेमबाजाच्या गॅरेजात पोहोचला.

यंत्राचे तत्त्व सोपे आहे. चार-पाच खाचांची एक गोल तबकडी, आणि प्रत्येक खाचेवर एक साचा, म्हणजे डाय. पहिल्या ठिकाणी फुगलेली पुंगळी दाबून मूळ मापाला येते आणि जळका प्राइमर पडतो, दांड्याच्या परतीच्या फेरीत नवा बसतो. दुसरीकडे तोंड किंचित रुंदावते व दारू पडते. पुढे गोळी बसते, शेवटी तोंड आवळले जाते. तबकडी भरली की दांड्याच्या प्रत्येक ओढीला एक काडतूस तयार, तासाला चारपाचशे. पिस्तुलाच्या सरळ पुंगळीसाठी टंगस्टन कार्बाइडचे कडे असलेले डाय आल्यावर प्रत्येक पुंगळीला वंगण लावण्याचा त्रासही गेला.

आता या यंत्राच्या मांडणीकडे पाहावे, कारण माझ्या मते इतिहास तिथे दडला आहे. जाणते लोक नव्या यंत्रावर तबकडी कधीच भरत नाहीत. ते एकच पुंगळी घेतात आणि ती एकटी पहिल्या ठिकाणापासून शेवटपर्यंत नेत प्रत्येक डाय तिच्यावर जुळवतात. दारूचे माप अनेकदा तराजूवर पडताळतात, काम सुरू झाल्यावरही अधूनमधून तोलत राहतात. म्हणजे यंत्र वेगाने चालवण्याआधी त्यांना बार्लोच्या काळातल्या माणसासारखे एक पुंगळी, एक हात, एक डोळा असे वागावे लागते. वेगाने जे काढून घेतले, ते मांडणीच्या वेळी परत आणावे लागते.

यंत्रांतही त्याच अपघातांच्या खुणा आहेत. पुंगळी नसेल तर दारू न सोडणारे माप आले. दारूची पातळी चुकली तर दांडाच अडवणारा किंवा शीळ वाजवणारा तपासणीचा डाय आला. दिवा धरून डोकावणाऱ्या डोळ्याचे काम आता हे भाग करतात. तबकडी हाताने फिरवावी की आपोआप फिरावी, यावर नेमबाजांत आजही कडाक्याचे वाद होतात. हाताने फिरवणारा मध्येच फोन वाजला म्हणून थांबला आणि तबकडी फिरवायची विसरला, तर त्याच पुंगळीत दुसऱ्यांदा दारू पडते. आपोआप फिरणाऱ्या तबकडीत ही चूक सहसा होत नाही, पण एखादी पुंगळी अडकली आणि माणसाने दांडा मागेपुढे केला, की तिथेही माप चुकण्याची भीती असतेच.

१९६८ चा संघीय शस्त्र कायदा अमेरिकेतही विक्रीसाठी काडतुसे बनवणाऱ्याला परवाना बंधनकारक करतो. स्वतःच्या वापरासाठी भरणाऱ्याला संघीय परवाना लागत नाही. त्यामुळे पुनर्भरण करणाऱ्यांच्या बोलण्यात काटकसरीच्या जोडीला स्वावलंबनाचा अभिमान नेहमी डोकावतो : दुकान बंद पडले तरी आमचे काही अडणार नाही.

२०२० साली ते अडले. महासाथ आणि अशांतता यांमुळे बंदुकांची विक्री वाढली, काडतुसे दुकानांतून नाहीशी झाली आणि त्यांच्याबरोबर प्राइमरही. पितळ घरात पोत्याने होते, शिशाची गोळी ओतता येत होती, यंत्र जुळवून तयार होते. पण प्राइमरचा स्फोटक लेप घरी करण्याजोगा नाही, आणि तो बनवणारे मोठे कारखाने त्या देशात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. पुढची दोनेक वर्षे अनेकांच्या प्रेसवर कापड टाकलेले होते.