देवगिरीच्या पायथ्याशी मारिओ : प्रती, पाठभेद आणि देखभाल

साहित्याच्या इतिहासात आपण ग्रंथांबद्दल पुष्कळ बोलतो, प्रतींबद्दल थोडे, आणि त्या प्रती ज्यांनी वाळवीपासून वाचवल्या त्यांच्याबद्दल जवळजवळ बोलतच नाही. पोथी टिकली म्हणून कवी टिकला, ही साधी गोष्ट वर्गात सांगायची राहून जाते. आज आम्ही जो विषय घेत आहोत तो पोथ्यांचा नाही. साहित्याच्या अभ्यासकाला तो कदाचित पोरकटही वाटेल. १९९०च्या दशकात मराठवाड्यातल्या मध्यमवर्गीय घरांत दूरदर्शन संचाला जोडून जे ‘टीव्ही गेम’ खेळले जात, त्या यंत्रांचा आणि त्यांच्या देखभालीचा हा इतिहास आहे. परंतु प्रत, पाठभेद, प्रक्षेप आणि लोप हे चारही प्रश्न येथे इतक्या ठळकपणे उभे राहतात की पाठचिकित्सेच्या विद्यार्थ्याला ही भूमी परकी वाटू नये.

आम्ही काही जण दौलताबाद, खुलताबाद आणि छत्रपती संभाजीनगर (२०२३ पर्यंतचे औरंगाबाद) या पट्ट्यात ही जुनी यंत्रे गोळा करतो, दुरुस्त करतो आणि खेळतो. छंद म्हणून सुरू झालेले हे काम हळूहळू इतिहासाच्या प्रश्नांपर्यंत येऊन ठेपले. त्या प्रश्नांचाच येथे विचार करायचा आहे.

*

प्रथम यंत्राची वंशावळ. जपानच्या निन्तेन्दो कंपनीने १५ जुलै १९८३ रोजी ‘फॅमिली कॉम्प्युटर’ अर्थात ‘फॅमिकॉम’ हे घरगुती खेळयंत्र बाजारात आणले. त्याचा मेंदू रिको कंपनीने बनवलेला होता आणि ६५०२ या प्रसिद्ध प्रक्रियकावर आधारलेला होता. कामापुरती स्मृती अवघी २ किलोबाइट. १९८५ मध्ये आलेला ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा संपूर्ण खेळ ४० किलोबाइटांत बसवलेला होता. आज मोबाइलवर येणारे ‘शुभ सकाळ’चे एखादे चित्रही त्याहून जड असते.

अमेरिकेत १९८५ मध्ये हेच यंत्र नव्या रूपात विकायला काढताना कंपनीने त्यात एक कुलूप-चिप बसवली. मान्यता नसलेला खेळ त्या यंत्रावर चालू नये, हा तिचा हेतू. मूळ जपानी फॅमिकॉममध्ये मात्र असे कुलूप नव्हते. त्याच्या साठ पिनांच्या खाचेत कोणीही बनवलेला खेळ चालत असे. तैवानमधील उत्पादकांनी या यंत्राच्या मुख्य चिपांच्या नकला केल्या, आणि त्या नकलांवर उभी राहिलेली अगणित यंत्रे रशियापासून दक्षिण अमेरिकेपर्यंत पसरली. भारतात ‘समुराई’, ‘लिटल मास्टर’, ‘टर्मिनेटर’ अशा नावांनी जी यंत्रे आली ती सारी याच कुळातली. आपल्या पिढीला ती ‘टीव्ही गेम’ या एकाच नावाने ठाऊक आहेत.

अस्सल यंत्रे का आली नाहीत, याचे उत्तर आयातशुल्कात आहे. एप्रिल १९९५ मध्ये सेगा कंपनीचे ‘मेगा ड्राइव्ह’ हे यंत्र शॉ वॉलेस या कंपनीमार्फत भारतात आले. ८० टक्के आयातशुल्क टाळण्यासाठी ही व्यवस्था केलेली होती, आणि तरीही यंत्राची किंमत १८,००० रुपये होती. त्या काळी इतक्या पैशांत घरात मोठा रंगीत टीव्ही येत असे. तेव्हा जे खेळले गेले ते नकलेवरच खेळले गेले. ‘नक्कल’ हा शब्द आम्ही येथे निंदेने वापरत नाही. मुद्रणपूर्व काळात मराठी साहित्य ज्या रीतीने पसरले तिलाही नक्कल करणे असेच म्हणत.

या यंत्रांबरोबर एक भाषाही आली, किंवा खरे तर इथेच घडली. खेळाच्या काड्यापेटीवजा डबीला सारा महाराष्ट्र ‘कॅसेट’ म्हणत असे. तिच्यात फीत नव्हती, फिरणारे काही नव्हते. पण घरात टेपरेकॉर्डर आधीपासून होता, आणि जी वस्तू खाचेत सारली की यंत्र बोलू लागते ती कॅसेट, हा लोकांचा सरळ हिशेब. हातातल्या बटणफळीला अनेक घरांत ‘रिमोट’ म्हणत, जरी ती वायरीने यंत्राला बांधलेली असे. ‘चान्स’ संपणे, ‘स्टेज’ पार होणे हे प्रयोग तर बोलीत असे मुरले की परीक्षेतल्या यशापयशालाही लागू झाले. मराठीतील आगंतुक शब्दांचा कोश करणाऱ्यांनी या खोलीत अजून पाऊल ठेवलेले दिसत नाही.

*

आता पाठाचा प्रश्न. ज्या कॅसेटवर ‘९९९९ खेळ’ असे छापलेले असे, तिच्यात प्रत्यक्षात मोजके खेळ असत. बाकीच्या ओळी म्हणजे त्याच खेळांच्या पुनरुक्ती. कोठे तिसऱ्या टप्प्यापासून आरंभ, कोठे जास्तीचे चान्स, कोठे नुसते बदललेले नाव. पुष्कळ खेळांच्या पहिल्या पडद्यावरून मूळ कंपनीचे नाव आणि वर्ष खरवडून काढलेले असे. पोथीच्या अखेरची पुष्पिका कापून टाकावी तसाच हा प्रकार. कर्ता कोण, काळ कोणता, हे दोन्ही दुवे त्यामुळे तुटले. ‘कॉन्ट्रा’ कोनामी या कंपनीचा आणि मारिओ निन्तेन्दोचा, हे येथल्या बहुसंख्य खेळाडूंना फार उशिरा कळले. त्यांच्या लेखी ते सारे लोकसाहित्यच होते, निनावी आणि सर्वांचे.

दुसरा पाठभेद अधिक सूक्ष्म आहे. जपान आणि अमेरिकेतील दूरदर्शन सेकंदाला साठ क्षेत्रे दाखवीत असे, तर भारतातील पॅल पद्धत पन्नास. हे खेळ चित्राच्या प्रत्येक फेरीबरोबर एक पाऊल पुढे सरकतील असे रचलेले होते. आपल्या पद्धतीसाठी बनवलेल्या नकली यंत्रांवर त्यामुळे मारिओ मूळ गतीच्या पाच-षष्ठांश गतीने धावत असे. यातली गंमत अशी, की यांपैकी अनेक यंत्रांत प्रक्रियकाची गती जवळपास मूळचीच ठेवलेली असल्याने संगीताची पट्टी बदलत नसे, लय तेवढी उतरत असे. सूर तोच, पण लय विलंबाकडे झुकलेली. मूळ जपानी ध्वनिमुद्रण आज ऐकवले तर आमच्या पिढीचे अनेक लोक ‘हे घाईने वाजवलेले आहे’ असे म्हणतात. शुद्ध पाठ कोणता? कर्त्याने लिहिला तो, की एका पिढीने इथे तीस वर्षांपूर्वी ऐकला आणि मनात धरला तो?

देवगिरीच्या परिसरात हा प्रश्न विचारताना लीळाचरित्राची आठवण होणे अपरिहार्य आहे. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी सिद्ध केलेली त्या ग्रंथाची मूळ प्रत यादवसत्तेवर कोसळलेल्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत नष्ट झाली आणि पंथातील मंडळींनी ती स्मरणाच्या आधारे पुन्हा उभी केली, असे महानुभाव परंपरा सांगते. म्हणूनच त्या ग्रंथाचे निरनिराळे पाठ निर्माण झाले, आणि ह. ना. नेने, शं. गो. तुळपुळे, वि. भि. कोलते यांच्यासारख्या संपादकांना ते तोलून पाहावे लागले. दोन्ही गोष्टींची थोरवी सारखी आहे असा आमचा दावा नाही. मात्र रीत तीच आहे. मूळ हाती नसते तेव्हा प्रतींची तुलना करावी लागते, आणि प्रतींची तुलना करायची तर आधी त्या जपलेल्या असाव्या लागतात.

*

या इतिहासाचा एक भाग तर थेट आमच्या जिल्ह्यात घडला. पैठण रस्त्यावरील चितेगाव येथे व्हिडिओकॉनचा कारखाना होता. महाराष्ट्रातील असंख्य घरांत जे रंगीत टीव्ही पोहोचले त्यांतले कितीतरी तेथून निघाले. खेळयंत्र तैवानी वंशाचे, खेळ जपानी आणि पडदा चितेगावचा, असा तो त्रिवेणी संगम होता. पुढे चपटे पडदे आले, काचेच्या नळीचे दिवस संपले, आणि २०१८ मध्ये व्हिडिओकॉन दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. ज्या वस्तूमुळे गावोगाव आपल्या जिल्ह्याचे नाव पोहोचले होते, ती वस्तू आज भंगाराच्या भावाने जाते.

जुन्या खेळांसाठी जुनाच पडदा का हवा, हे ‘डक हंट’ या १९८४ सालच्या खेळावरून स्पष्ट होते. प्लास्टिकच्या बंदुकीतून बदके टिपण्याचा हा खेळ. बंदुकीतून पडद्याकडे काहीच जात नाही. उलट बंदूकच पडद्याकडे पाहत असते. घोडा दाबताच पडदा क्षणभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. बंदुकीच्या नळीतील प्रकाशग्राहकाला त्या नेमक्या क्षणी तो उजेड दिसला तर नेम लागला. नव्या पडद्यावर चित्र किंचित उशिरा येते आणि त्याची उजळण्याची रीतही वेगळी असते, त्यामुळे बंदुकीला काहीच दिसत नाही. येथे पाठ आणि फलक वेगळे करता येत नाहीत. जुना टीव्ही गेला की खेळही गेला.

*

देखभालीचे काम नीरस असते, म्हणूनच त्याविषयी लिहिले जात नाही. कॅसेट चालेनाशी झाली की तिच्यात फुंकर मारायची, हा त्या काळचा सार्वत्रिक उपाय. फुंकरीने काम झाल्यासारखे वाटे, कारण कॅसेट काढून पुन्हा बसवताना पिनांचा स्पर्श नव्याने जुळत असे. फुंकरीतील ओलाव्याने मात्र तांब्याच्या पट्ट्या गंजत. आता आम्ही आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापूस वापरतो, आणि हट्टी डागांवर शाळेतला खोडरबर हलक्या हाताने फिरवतो. बटणांखालच्या रबरी टोप्यांवरचा काळा वाहक थर झिजतो. वीजपुरवठ्यातील कपॅसिटर कोरडे पडतात किंवा गळतात, मग चित्रात आडव्या लाटा येतात आणि आवाजात गुणगुण. त्यावर इलाज सोपा : जुने काढावे, त्याच मापाचे नवे डाख देऊन बसवावेत. अडॅप्टर बदलताना धन-ऋण टोके तपासणे मात्र अत्यावश्यक आहे, कारण फॅमिकॉमच्या अडॅप्टरचे ऋण टोक मध्यभागी असते आणि आज बाजारात सर्रास मिळणाऱ्या अडॅप्टरांचे बहुधा धन. एका चुकीच्या जोडणीत यंत्र कायमचे संपू शकते. काचेच्या नळीच्या टीव्हीबद्दल तर स्पष्टच सांगावे : आत वीस हजार व्होल्टांहून अधिक दाब असतो आणि बंद केल्यावरही तो काही काळ साठून राहतो. ते काम जाणत्या कारागिराचेच.

सर्वांत मोठी अडचण आहे काळ्या ठिपक्याची. स्वस्त कॅसेटींत आणि पुढच्या काळातील यंत्रांत चिप थेट पाटीवर चिकटवून तिच्यावर काळ्या राळेचा थेंब सोडलेला असतो. तिच्यावर नाव नसते, क्रमांक नसतो, ती काढून दुसरी बसवता येत नाही. ठिपक्याखालची चिप मेली की ती प्रत मेली. म्हणून ती जिवंत आहे तोवर तिच्यातला मजकूर वाचून उतरवून ठेवणे हेच खरे जतन.

दौलताबादहून खुलताबादकडे जाताना कागजीपुरा लागतो. हाताने कागद करण्याची तेथली परंपरा महंमद तुघलकाने १३२७ च्या सुमारास राजधानी येथे हलवली त्या काळाशी जोडली जाते. राजधानी परत दिल्लीस गेली आणि कागदवाले राहिले. राजकीय इतिहासात त्या स्थलांतराची चेष्टा पुष्कळ झाली, पण शतकानुशतके लेखणीखाली कागद पुरवणाऱ्यांची नोंद कितीशी झाली? डाख देणारा टीव्ही मेकॅनिक त्याच अनुल्लेखित परंपरेतला आहे. शहरातल्या गल्ल्यांतून असलेली टीव्ही दुरुस्तीची दुकाने एकामागून एक मोबाइलकडे वळली. जे जुने कारागीर उरले आहेत त्यांच्या हातातले ज्ञान कोठेही लिहिलेले नाही.

*

येथे एक रास्त आक्षेप घेतला जातो. सारे खेळ आता संगणकावर अनुकारी प्रणालीतून खेळता येतात, मग या भंगाराचा सोस कशाला? उत्तर दुहेरी आहे. अनुकारी प्रणाली हे मोठे वरदान आहे, आणि तिच्याविना जतन अशक्य आहे. मात्र तिच्यात सहसा जपानी वा अमेरिकी ‘अधिकृत’ पाठ भरला जातो. इथली पुष्पिका कापलेली, टप्पे उलटसुलट केलेली, विलंबित लयीतली प्रत त्यात क्वचितच असते. दुसरे असे की अधिकृत पाठांचीही स्थिती बरी नाही. अमेरिकेतील ‘व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन’ या संस्थेने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार तेथे प्रकाशित झालेल्या जुन्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ बाजारात उपलब्धच नाहीत. जेथे मालक आहेत, कायदे आहेत, तेथे ही गत. मग जेथे मालकाचे नावच खरवडलेले आहे तेथे काय?

चित्रपटांसाठी आपल्याकडे पुण्यात १९६४ मध्ये राष्ट्रीय संग्रहालय उभे राहिले, तरी तोवर मूकपटांचा बहुतांश ठेवा नष्ट झाला होता. त्याआधी वि. का. राजवाडे वाड्यावाड्यांतून दप्तरे शोधत फिरले, आणि १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड निघाला. राजवाड्यांना जे कागद मिळाले ते थोर म्हणून जपलेले नव्हते. त्यांतले पुष्कळसे हिशेब, जमाखर्च आणि खुशालीची पत्रे होती. त्यांची किंमत नंतर ठरली.

म्हणून साहित्याच्या विद्यार्थ्यांना आमची विनंती माफक आहे. घरातल्या माळ्यावर असे यंत्र असेल तर ते भंगारात देण्याआधी त्यावरचे नाव, कॅसेटवरची यादी आणि पडद्यावर उमटणारी अक्षरे उतरवून घ्यावीत. ते कोणी, कोणत्या साली, कोणत्या दुकानातून, किती रुपयांना आणले हे घरच्यांना विचारावे. खेळताना कोणते शब्द वापरत असत तेही लिहून ठेवावे. वह्यांच्या मागल्या पानांवर खेळांचे संकेतशब्द टिपलेले असतील तर त्या वह्या रद्दीत जाऊ देऊ नयेत.

वेरूळच्या २९ क्रमांकाच्या लेण्यात शिवपार्वती द्यूत खेळताना कोरलेली आहेत, आणि लीळाचरित्रातही हरिपाळदेवाच्या आयुष्याला वळण मिळते ते द्यूतातल्या हारीनंतर. खेळ क्षुल्लक असतो ही समजूत आपल्या परंपरेची नाही. दगडातला खेळ आपोआप टिकला. कॅसेटीतल्या चिपला तेवढे आयुष्य नाही, आणि आम्हांस दर वर्षी मुक्या झालेल्या कॅसेटी अधिकाधिक सापडू लागल्या आहेत.