यंत्र विकणाऱ्याचा ध्यास : व्हर्जिनियातलं शेत ते किर्लोस्करवाडी



तंत्रज्ञानाच्या इतिहासावर बोलायचं म्हटलं की आपण बहुधा शोध कुणी लावला, कधी लावला आणि पेटंट कुणाच्या नावावर होतं, एवढ्यावरच थांबतो. आज मला पुढच्या टप्प्याबद्दल बोलायचंय. यंत्र तर झालं तयार, पण ते लोकांच्या घरात, शेतात पोचलं कसं? कारण यंत्र करणाऱ्या माणसांत एक समज फार जुना आहे, की माल चांगला असला की गिऱ्हाईक आपोआप येतं. इतिहास तसं सांगत नाही.

उदाहरण घेऊ गव्हाच्या कापणीयंत्राचं. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात रॉकब्रिज काउंटी नावाचा भाग आहे. तिथं रॉबर्ट मकॉर्मिक नावाचे शेतकरी घोड्यानं ओढायच्या कापणीयंत्रावर कित्येक वर्षं खटपट करत होते. ते जमलं नाही. 1831 च्या उन्हाळ्यात त्यांचा मुलगा सायरस, वय वर्षं बावीस, यानं शेजारच्या शेतात यंत्र चालवून दाखवलं. या कामात त्याला जो अँडरसन या माणसाची मोठी मदत झाली. अँडरसन मकॉर्मिक कुटुंबाचा गुलाम होता आणि त्याचं नाव बराच काळ कुणी घेत नसे, म्हणून मुद्दाम सांगतो. 1834 मध्ये सायरसला पेटंट मिळालं.

आता बघा, या यंत्राची गरज किती होती. गहू पिकला की आठ-दहा दिवसांत कापावा लागतो, नाहीतर दाणे गळतात. लांब दांड्याच्या कोयत्यानं एक माणूस दिवसभरात दोन-तीन एकर कापणार. म्हणजे शेतकऱ्याकडे जमीन कितीही असो, त्यानं पेरायचं तेवढंच, जेवढं कापता येईल. ही अडचण सोडवणारं यंत्र समोर उभं आहे. मग त्यावर उड्या पडल्या का? नाही. पहिली दोन यंत्रं विकली जायला 1840 साल उजाडलं. 1841 मध्ये एकही नाही. 1842 मध्ये सात, 1843 मध्ये 29, 1844 मध्ये 50.

का बरं? शेतकरी अडाणी होता म्हणून? मला तसं वाटत नाही. शेतकऱ्याचा हिशोब अगदी पक्का होता. यंत्राची किंमत शंभर डॉलरच्या वर. ते चालणार वर्षातून दोन आठवडे. आणि त्या दोन आठवड्यांतच बिघडलं, तर वर्षाचं पीक शेतात उभ्या उभ्या गेलं. यंत्र करणाऱ्याला फक्त नफा दिसतो. घेणाऱ्याला आधी धोका दिसतो. हा फरक ज्याला कळला नाही, त्यानं कितीही मोठ्यानं ओरडून सांगितलं तरी उपयोग नसतो.

मकॉर्मिकला हे हळूहळू कळत गेलं. त्याला एक तुल्यबळ प्रतिस्पर्धी होता, ओबेड हसी. हसीचं पेटंट तर मकॉर्मिकच्या आधीचं, 1833 चं. दोघांची यंत्रं एकाच शेतात, लोकांसमोर, शर्यतीला उतरू लागली. गावंच्या गावं बघायला जमायची, जशी आपल्याकडे शंकरपटाला जमतात. उत्साह म्हणतो तो हा. पण नुसत्या शर्यतीनं काम झालं नाही.

1847 मध्ये मकॉर्मिकनं शिकागोत कारखाना काढला. लगेच 1848 मध्ये त्याच्या पेटंटची मुदत संपली आणि ती वाढवून मिळाली नाही. म्हणजे आता कुणीही तसलं यंत्र करावं! इथून पुढं त्याच्याकडे राखीव असं काही उरलं नाही. उरली ती विकण्याची पद्धत. काय होती ती? एक, किंमत ठरलेली आणि जाहीर, घासाघीस नाही. दोन, लेखी हमी, की यंत्र तासाला दीड एकर कापेल; नाही कापलं तर परत घेऊ. तीन, आधी साधारण 30 डॉलर द्या, बाकीचे पीक हाती आल्यावर. चार, गावोगावी एजंट, जो यंत्र जोडून देईल, चालवायला शिकवेल आणि सुटे भाग ठेवेल.

या चारही गोष्टींत समान काय आहे, ते लक्षात घ्या. शेतकऱ्याच्या डोक्यावरचा धोका विक्रेत्यानं स्वतःच्या डोक्यावर घेतला. ध्यास म्हणतात तो यालाच. माझा माझ्या यंत्रावर विश्वास आहे, असं तोंडानं म्हणणं सोपं असतं. त्या विश्वासापायी स्वतःचे पैसे अडकवून वाट बघणं अवघड असतं. आणि ते केलं, की समोरच्याला तुमचा उत्साह खरा वाटतो.

1851 मध्ये लंडनला मोठं औद्योगिक प्रदर्शन भरलं. मकॉर्मिकचं यंत्र तिथं ठेवलेलं होतं. ‘टाइम्स’नं आधी त्याची यथेच्छ टिंगल केली. मग जुलैमध्ये एसेक्समधल्या टिपट्री गावी मेकी नावाच्या शेतकऱ्याच्या रानात चाचणी झाली. पाऊस पडलेला, गहू ओला आणि हिरवट. तरी यंत्रानं तो कापला. बघ्यांचा सूर बदलला, यंत्राला प्रदर्शनाचं सर्वोच्च पदक मिळालं. पण गोष्ट इथं संपत नाही हं. त्याच वर्षी, काही आठवड्यांनी, इंग्लंडमध्येच एका चाचणीत हसीच्या यंत्रानं मकॉर्मिकला हरवलं! म्हणजे यंत्र सरस होतं म्हणून मकॉर्मिक टिकला, असं सरळ म्हणता येत नाही. हसी आपल्या मूळ रचनेला घट्ट धरून राहिला, सुधारणा करायला नाखूष असे. मकॉर्मिक गिऱ्हाइकाचं ऐकत गेला.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. पुढे कापणीयंत्रांच्या कंपन्या वाढल्या आणि शर्यतींचा तमाशा झाला. दोन कंपन्यांची यंत्रं पाठीला पाठ लावून साखळीनं बांधायची, घोड्यांनी उलट दिशांना ओढायची आणि कुणाचं आधी मोडतं ते बघायचं. गर्दी खूश व्हायची. पण त्यातून गव्हाची एक पेंढीसुद्धा कापली जात नव्हती. उत्साह गिऱ्हाइकाच्या कामापासून सुटला की त्याचं असं होतं.

आता आपल्याकडे येऊ. कारण हाच पेच आपल्याकडेही, लोखंडी नांगराच्या रूपानं आला. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक होते. बेळगावात बंधू रामूअण्णांबरोबर त्यांचं सायकलींचं दुकान होतं. तिथूनच पुढे लोखंडी नांगराचा उद्योग निघाला. आपला लाकडी नांगर जमीन उकरतो. लोखंडी नांगर माती उलटी पाडतो. हरळीनं भरलेल्या रानात हा फरक केवढा, ते शेतकऱ्याला सांगायला नको. तरी नांगर दोनेक वर्षं पडून राहिले. लोक म्हणत, लोखंडानं जमिनीला विष बाधतं.

हसू नका. अमेरिकेत चार्ल्स न्यूबोल्डनं 1797 मध्ये ओतीव लोखंडाच्या नांगराचं पेटंट घेतलं, तेव्हा तिथल्या शेतकऱ्यांनी हीच शंका काढली होती. जमीन हेच ज्याचं सगळं भांडवल, तो तिच्याबाबतीत धास्तावणारच. त्याला अंधश्रद्धाळू म्हणून मोकळं होणाऱ्याचा नांगर खपत नाही. लक्ष्मणरावांनी धंदा बंद केला नाही, नांगर करत राहिले. 1910 मध्ये बेळगावची जागा सोडावी लागली, तेव्हा औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्टेशनजवळचा निवडुंगानं भरलेला माळ आणि दहा हजार रुपयांचं कर्ज दिलं. तिथं किर्लोस्करवाडी उभी राहिली.

आणि मग 1920 मध्ये एक विलक्षण गोष्ट झाली. शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केलं. कारखान्याचं, मालाची माहिती देणारं पत्रक. पण त्यात यंत्रांबरोबर उद्योगाची, स्वावलंबनाची, सुधारणेची चर्चा येऊ लागली. त्याचंच पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झालं. 1930 मध्ये ‘स्त्री’ आणि 1934 मध्ये ‘मनोहर’ आलं. नांगर-पंपाशी काडीचा संबंध नसलेली घरंसुद्धा ही मासिकं वाचत. नांगर विकायचा तर नांगर घेऊ बघणारा, नव्याला न भिणारा वाचक आधी घडायला हवा, हे तिथं कुणाला तरी उमगलं होतं. मराठी समाजाला त्याचा नांगराइतकाच उपयोग झाला, असं माझं मत आहे.

आज आपले इंजिनियर तरुण उत्तम वस्तू बनवतात आणि ‘लोकांना कळतच नाही’ म्हणून कपाळाला हात लावतात. त्यांना माझं एवढंच विचारणं आहे, की घेणाऱ्याला भीती कशाची वाटते, ते तुम्ही त्याच्या शेताच्या बांधावर उभं राहून ऐकलंय का? आणि त्यातला किती धोका तुम्ही स्वतः उचलायला तयार आहात?

इथं थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.