प्लेटलेट्स वाढवणारा ताप

प्लेटलेट्स म्हटलं की आपल्याला डेंग्यू आठवतो. आकडा रोज खाली, आणि शेजारच्या काकू पपईच्या पानांचा रस घेऊन हजर! आज मी ज्या तापाचा इतिहास सांगणार आहे, त्यात आकडा वर जातो.

जानेवारी १९६१, टोकियो. रेडक्रॉसच्या हॉस्पिटलमध्ये डॉ. तोमिसाकू कावासाकींकडे चार वर्षांचा मुलगा आला. ताप उतरेना, डोळे लाल, ओठ फुटलेले, अंगावर पुरळ. कुठल्याच ओळखीच्या आजारात हे बसेना. पोरगा बरा होऊन घरी गेला, निदान राहिलंच. दुसऱ्या कुणी फाईल बंद केली असती. कावासाकी मात्र अशा मुलांच्या नोंदी ठेवत गेले आणि १९६७ मध्ये त्यांनी ५० मुलांची माहिती जपानीत छापली.

आजार आपोआप बरा होतो, असं तेव्हा त्यांना वाटत होतं. पण १९७० च्या देशव्यापी पाहणीत काही मुलं अचानक दगावल्याचं समोर आलं. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्या फुग्यासारख्या फुगल्या होत्या, आत गुठळी. शरीराची प्रतिकारशक्तीच रक्तवाहिन्यांवर उलटली होती.

आता रिपोर्टकडे या. पहिल्या आठवड्यात सीआरपी, ईएसआर, पांढऱ्या पेशी वाढलेल्या दिसतात, पण त्या कुठल्याही इन्फेक्शनमध्ये वाढतात. प्लेटलेट्स बहुतेकदा नॉर्मल, म्हणजे दीड ते साडेचार लाखांत. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, ताप गेला म्हणून घरचे निवांत झालेले असताना, त्या सात लाख, कधी दहा लाखांच्याही वर जातात. आणि औषध? गॅमाग्लोब्युलिनचं सलाईन. जपानमध्ये त्याचा उपयोग १९८४ मध्ये दाखवला गेला. धमन्या बिघडण्याचा धोका साधारण चारात एकावरून विसात एकाच्या आसपास येतो. पण ते शक्यतो पहिल्या दहा दिवसांत द्यायचं असतं. म्हणजे प्लेटलेट्सची वाट बघत बसलात, तर उशीर झालाच समजा. म्हणूनच आजही निदान मुख्यतः डोळे, ओठ, हात-पाय बघूनच होतं. या आजाराची अशी एक टेस्ट नाहीच.

२०२० मध्ये कोविडनंतर आधी युरोप-अमेरिकेत, मग आपल्या मुंबईतही तसेच लाल डोळे, तसंच पुरळ घेऊन मुलं आली. पण यातल्या बऱ्याच जणांच्या प्लेटलेट्स चक्क कमी! कावासाकीत हे क्वचित घडतं, आणि घडलं तर लक्षण चांगलं नसतं. पुढे हा वेगळा आजार ठरला, एमआयएस-सी. जगभर कावासाकींचं नाव बातम्यांत होतं, आणि त्याच जूनमध्ये, वयाच्या ९५ व्या वर्षी ते गेले. त्यांच्या नावाचा आजार नेमका कशाने होतो, ते अजून सापडलेलं नाही.